नॉप्लियस दिसले तरच कल्चर जिवंत: पुण्यात समुद्री कोपेपॉड सांभाळताना

बरणीच्या काचेवर मोठे कोपेपॉड (माशांच्या खाद्यासाठी वाढवतात ते बारीक कवचधारी प्राणी) तुरुतुरु पळताना दिसले की कल्चर मस्त चाललंय, असं बहुतेकांना वाटतं. पण प्रौढ कोपेपॉड अर्धपोटी, जास्त खारट झालेल्या पाण्यात, अगदी तळाला कुजकट वास यायला लागला तरी बरेच दिवस तग धरतात. मग एका आठवड्यात बरणी रिकामी होते आणि ‘अचानक क्रॅश झालं’ अशी तक्रार सुरू होते. अचानक काहीच झालेलं नसतं. पिल्लं केव्हाच संपलेली असतात, फक्त त्यांच्याकडे कोणी पाहिलेलं नसतं. समुद्री टँक ठेवणारे आणि घरच्या मायक्रोस्कोपखाली हे प्राणी बघू इच्छिणारे, दोघांसाठी ही पोस्ट आहे. सगळा भर पिल्लांवर, म्हणजे नॉप्लियसवर.

नॉप्लियस ही कवचधारी प्राण्यांच्या अंड्यातून बाहेर पडणारी सगळ्यात साधी अवस्था. शरीराचे खंड दिसत नाहीत, मधोमध एकच डोळा असतो आणि उपांगांच्या फक्त तीन जोड्या: स्पर्शिकांच्या दोन आणि जबड्याची एक. पोहणं, खाणं, सगळं या तीन जोड्यांवर चालतं. कोपेपॉडमध्ये नॉप्लियसच्या सहा अवस्था, त्यानंतर कोपेपोडाइटच्या (प्रौढासारखं दिसू लागलेल्या पिल्लाच्या) पाच आणि मग प्रौढ. म्हणजे एकूण अकरा वेळा कात टाकायची. प्रौढ झाल्यावर कात टाकणं कायमचं बंद. पाण्यातल्या बहुतेक गडबडी कात टाकायच्या वेळी जिवावर बेततात, कारण जुनं कवच सुटलेलं असतं आणि नवं अजून मऊ असतं. प्रौढाला ती जोखीम उरलेली नसते. म्हणून प्रौढ टिकतात आणि पिल्लं जातात, आणि म्हणूनच प्रौढांची संख्या बघून काही कळत नाही.

समुद्रातल्या खडकांना, होड्यांच्या बुडाला चिकटलेले बार्नेकल हेही कवचधारीच. बाहेरून शिंपल्यासारखे दिसतात म्हणून त्यांना पूर्वी मृदुकाय प्राण्यांत धरत. जॉन व्हॉन थॉम्प्सनने त्यांची पिल्लं पाहिली, १८३० मध्ये ते प्रसिद्ध केलं आणि तो घोळ मिटला. बार्नेकलचा नॉप्लियसही सहा अवस्थांतून जातो, मग सायप्रिड नावाची अवस्था येते. सायप्रिड काही खात नाही, फक्त चिकटायला जागा शोधतो.

उलट अॅम्फिपॉड, आयसोपॉड आणि मायसिड यांच्या माद्या अंडी पोटाखालच्या पिशवीत वाढवतात. त्यांची पिल्लं बाहेर येतात ती जवळजवळ आईच्याच आकाराची छोटी आवृत्ती असतात. पोहणारा नॉप्लियस नाहीच. त्यामुळे टँकच्या दगडांत अॅम्फिपॉड भरपूर असले तरी माशांच्या नवजात पिल्लांना त्याचा काही उपयोग नाही. ती पिल्लं त्यांच्या तोंडात मावतच नाहीत.

मंडईतला नमुना

पुण्यात समुद्र नाही, पण समुद्री कवचधाऱ्याचा सगळ्यात स्वस्त नमुना सुक्या मासळीच्या दुकानात मिळतो: सुका जवळा. कोकण किनाऱ्यावरचा जवळा म्हणजे मुख्यतः असेटीस इंडिकस. ओला असताना काही भागात त्यालाच कोलीम म्हणतात. मूठभर जवळा कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पांढऱ्या बशीत पसरा आणि दहापट भिंगाखाली बघा. देठावरचे डोळे दिसतील, लांब स्पर्शिका (तुटल्या नसतील तर) दिसतील. पायांच्या जोड्या मोजा. कोळंबीला चालायच्या पायांच्या पाच जोड्या असतात, जवळ्यात शेवटच्या दोन नसतात. जवळा तळावर चालत नाही, पाण्यात थव्याने तरंगत राहतो. भरती-ओहोटीच्या ओढीवर चालणाऱ्या डोल जाळ्यात तो टनावारी येतो. बोंबलाच्या पोटात सापडणाऱ्या खाद्यातही त्याचा वाटा फार मोठा असतो.

जवळ्याची मादी अंडी अंगाखाली सांभाळत नाही, थेट पाण्यात सोडते आणि त्यातून नॉप्लियस बाहेर येतो. एवढ्याशा प्राण्याची एवढी प्रचंड संख्या टिकते ती अशी. त्याच बशीत इतर कोळंबीची पिल्लं, माशांचे बारके तुकडे, क्वचित खेकड्याचे पायही निघतात. ते वेगळे करण्यात विद्यार्थ्यांची एक दुपार सहज जाते. (हा जवळा टँकमध्ये खाद्य म्हणून टाकू नका. मीठ आणि फॉस्फेट दोन्ही सोडतो आणि पाणी नासवतो.)

खरोखर काही ओळखून घ्यायची गरज पडली, तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीला आहे, हे पुणेकरांच्या फारसं लक्षात नसतं.

कोणता कोपेपॉड ठेवायचा

मुक्तपणे राहणाऱ्या कोपेपॉडचे तीन गण लक्षात ठेवले की पुरे. ओळख पहिल्या स्पर्शिकांवरून होते. स्पर्शिका जवळजवळ अंगाएवढ्या लांब आणि आडव्या पसरलेल्या असतील तर कॅलॅनॉइड. मध्यम असतील तर सायक्लोपॉइड. अगदी आखूड आणि शरीर लांबट असेल तर हार्पॅक्टिकॉइड. सायक्लोपॉइड मादीच्या शेपटीपाशी अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबतात. टिग्रिओपस, टिस्बे या हार्पॅक्टिकॉइडना एकच. कॅलॅनॉइडपैकी अनेक जण अंडी पाण्यात मोकळी सोडतात. ४०पट मायक्रोस्कोप आणि खोलगट स्लाइड एवढ्यावर हे सगळं दिसतं. हालचाल थांबवायची असेल तर थेंबभर सोडा वॉटर पुरतं, कार्बन डायऑक्साइडने ते सुस्तावतात.

नवशिक्याने टिस्बे किंवा अपोसायक्लॉप्स (हा सायक्लोपॉइड) घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. टिग्रिओपसला बाजारात मान जास्त, कारण तो मोठा असतो, नारिंगी दिसतो आणि डोळ्यांनी बघता येतो. हा रंग अॅस्टाझँथिन या रंगद्रव्याचा. पण टिग्रिओपस कॅलिफोर्निकस हा उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, लाटांचे तुषार उडून खडकांत साठलेल्या डबक्यांत राहणारा प्राणी. तिथे मासे नसतात, मात्र ऊन पडलं की पाणी आटून खारट होतं आणि पाऊस पडला की गोडं होतं. म्हणून खारटपणाचे हेलकावे तो लीलया सहन करतो. पण प्रजननाला त्याला २० ते २४ अंश सेल्सिअस हवेत. पुण्यात ते घरात डिसेंबर-जानेवारीत मिळतात, एप्रिलमध्ये नाही. शिवाय त्याची पिढी २० अंशांना जवळजवळ तीन आठवड्यांची. टिस्बेची दीड आठवड्याच्या आसपास आणि अपोसायक्लॉप्सची २८ अंशांना त्याहूनही कमी.

पार्व्होकॅलॅनस आणि अकार्टिया हे कॅलॅनॉइड खऱ्या अर्थाने मोकळ्या पाण्याचे. पार्व्होकॅलॅनसचा नॉप्लियस ६० मायक्रॉनच्या आसपास लांब. रोटिफर हे सूक्ष्म खाद्यजीवसुद्धा मोठे पडतात अशा माशांच्या पिल्लांना तोच लागतो. पण या प्राण्यांच्या अख्ख्या उत्क्रांतीत त्यांची कधी भिंतीशी गाठ पडलेली नाही. दाटी त्यांना सोसत नाही. प्रौढ मिलीलीटरला एक-दोनच्या वर गेले की अंडी कमी होतात. बारीक बुडबुडे अंगाला चिकटले की वर तरंगत राहतात आणि मरतात. त्यात शेवाळ जिवंत हवं, फ्रीजमधली पेस्ट चालत नाही. पहिली दोन वर्षं त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पाणी, आणि पुण्याचा नळ

शहरातलं खडकवासल्याकडून येणारं पाणी, पिंपरी-चिंचवडचं पवनेचं पाणी आणि उपनगरांतलं टँकरचं किंवा बोअरचं पाणी ही तिन्ही वेगवेगळी पाणी आहेत. टँकर कुठून भरला हे ड्रायव्हरलाच ठाऊक. म्हणून एकच नियम: आरओनंतर डीआय (उरलेले आयन काढून टाकणारं) रेझिन आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य.

स्वयंपाकघरातला आरओ इथे चालत नाही. दोन कारणं. एक, त्यातला टीडीएस कंट्रोलर कच्चं पाणी पुन्हा मिसळतो. दुसरं जास्त घातक: आजकाल पाण्यात तांबं सोडणारं कार्ट्रिज बसवलेले आरओ घरोघरी आहेत. माणसाला चालणारं तांबं कवचधाऱ्यांना विष असतं आणि नॉप्लियसला सगळ्यात आधी लागतं. तांब्याच्या हंड्यात किंवा पितळी नळाखाली साठवलेलं पाणीही बाद. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं की शुक्रवारी येणारं पाणी गढूळ असतं, क्लोरीनही जास्त असू शकतं. त्या दिवशी आरओ भरू नका, मेंब्रेनचं आयुष्य वाढेल.

मीठ रीफचंच (प्रवाळांच्या टँकसाठी मिळतं ते) घ्या, पण पूर्ण ३५ पीपीटीपर्यंत (पीपीटी म्हणजे हजार भागांत क्षाराचे भाग) नेण्याची गरज नाही. टिस्बे ३० आणि अपोसायक्लॉप्स २५ पीपीटीला उत्तम चालतात. लिटरला साधारण ३० ग्रॅम मिठाने सुरुवात करा, रात्रभर हवा सोडा आणि मग मोजा. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर शून्याला जुळवण्याऐवजी ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणाने जुळवा. शून्याला बरोबर असलेली स्वस्त उपकरणं वर दोन-तीन पीपीटीने सर्रास चुकतात. बादलीवर मार्करने पाण्याची रेघ मारा. मार्च ते मे रेघ भराभर खाली जाते. मीठ उडत नाही, पाणीच उडतं. म्हणून भर घालायची ती मिठाच्या पाण्याची नव्हे, साध्या आरओ-डीआय पाण्याची. हे सांगून सांगून थकलो तरी लोक खारं पाणीच ओततात, आणि जूनपर्यंत बादली ४५ पीपीटीला पोचते.

बादली २० लिटरची, खाद्यपदार्थांच्या प्लास्टिकची. रंगाची रिकामी बादली नको. हवेसाठी एअरस्टोन नको, कडक नळी तळापासून दोन बोटं वर ठेवायची आणि सेकंदाला दोन-तीन मोठे बुडबुडे. बुडबुड्यांचं काम फक्त पाणी हळूहळू फिरवत ठेवण्याचं आहे. हवेच्या नळीचा व्हॉल्व्ह पितळेचा नको. झाकण सैल ठेवा.

खाद्य: इथेच बहुतेक कल्चर मरतात

नॉप्लियसच्या पहिल्या एक-दोन अवस्था अनेक जातींत अंड्यातल्या बलकावर निभतात, तोंड नंतर चालू होतं. त्या क्षणी आजूबाजूला योग्य आकाराचं शेवाळ नसेल तर तो संपला. मोठा कोपेपॉड तळाचा गाळ खरवडेल, मेलेल्या भावंडाला खाईल. नॉप्लियसला यातलं काही जमत नाही. त्याच्याभोवतीचं पाणी त्याच्या आकाराच्या मानाने इतकं दाट वागतं की हात थांबले की तोही जागच्या जागी थांबतो, वाहत जाणं वगैरे नाही. अन्न त्याच्या आसपास असावंच लागतं.

शेवाळांमध्ये नॅनोक्लोरॉप्सिस सगळ्यांकडे असतं, कारण ते मरत नाही. पेशी दोन ते चार मायक्रॉनची, भिंत जाड, ईपीए भरपूर, डीएचए नगण्य (ही दोन्ही माशांच्या पिल्लांना लागणारी ओमेगा-३ मेदाम्लं). टी-आयसो म्हणजे आयसोक्रायसिसचा ताहितीचा वाण: पाच मायक्रॉनच्या आसपास, भिंत नाही, डीएचए चांगलं, आणि २५ ते ३० अंशांत खूश. पुण्यासाठी हेच पहिलं शेवाळ असावं. टेट्रासेल्मिस दहा-बारा मायक्रॉनचं, स्वतः पोहणारं, मोठ्या कोपेपोडाइटांना आवडणारं. ऱ्होडोमोनास पोषणात सगळ्यांच्या वर, पण त्याला २० अंशांच्या आसपास ठेवायचं म्हणजे एसीचं बिल. टी-आयसो आणि टेट्रासेल्मिस निम्मं-निम्मं दिलं की सायक्लोपॉइडचं सगळं भागतं.

हार्पॅक्टिकॉइडची एक सोय आहे: टिस्बे आणि टिग्रिओपस साध्या मेदाम्लांपासून डीएचए स्वतः काही प्रमाणात तयार करतात. म्हणून ते यीस्ट, स्पिरुलिना पावडर, अगदी गाळावरही चालतात आणि तरीही माशांना पौष्टिक ठरतात. कॅलॅनॉइडना ही कला जवळजवळ नाही. त्यांनी जे खाल्लं तेच माशाच्या पिल्लाला मिळणार.

शेवाळ वाढवणं किचकट नाही, स्वच्छतेचं आहे. दोन लिटरची पारदर्शक बाटली, २५ ते ३० पीपीटी पाणी. ते आधी ब्लीचने निर्जंतुक करायचं: चार-पाच टक्क्यांचं साधं, सुगंध नसलेलं सोडियम हायपोक्लोराइट लिटरला १ मिलि, रात्रभर झाकून. सकाळी सोडियम थायोसल्फेट, लिटरला पाव ग्रॅमपासून वाढवत, क्लोरीनचा मागमूस जाईपर्यंत. सोसायटीच्या टाकीसाठी ठेवतात ते ऑर्थोटोलिडीनचं क्लोरीन किट इथे कामाला येतं. थेंब टाकल्यावर पिवळं झालं तर अजून क्लोरीन आहे. मग एफ/२ खत, म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट, सूक्ष्म धातू आणि बी-१, बी-१२, बायोटिन ही जीवनसत्त्वं. बी-१२ विसरलात तर टी-आयसो एक-दोन वेळा वाढेल आणि मग फिकं पडत जाईल. पंधरा-वीस टक्के जुनं कल्चर बी म्हणून घाला, एलईडी दिवा सोळा तास, आणि पाच-सात दिवसांत गडद झालं की काढा. शेवाळाला लागणारी हवा, पिपेट, फडकं यांपैकी काहीही कोपेपॉडच्या बादलीशी सामायिक नको. एक थेंब उलटा गेला तरी शेवाळाच्या बाटलीत सिलिएट (शेवाळ खाणारे एकपेशीय जीव) किंवा रोटिफर शिरतात आणि हिरवी बाटली दोन दिवसांत पाण्यासारखी स्वच्छ होते. फ्रीजमध्ये नॅनो आठवडे टिकतं, टी-आयसो आठवड्याच्या आत वापरा. दोन्ही रोज हलवा.

किती घालायचं? बादलीच्या तळाशी पांढरी बशी ठेवा. वरून बघताना बशी अंधूक हिरवट दिसली पाहिजे, पण दिसली पाहिजे. बशी गायब झाली तर जास्त झालं. पाणी चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत निवळलं तर प्रमाण बरोबर, आणि निवळल्यावर लगेच पुन्हा घाला. दोन दिवस पाणी स्वच्छ राहिलं की अपोसायक्लॉप्सचे प्रौढ स्वतःच्या जातीचे नॉप्लियस खाऊ लागतात. हीच ती वेळ, जेव्हा बादली भरलेली दिसते आणि आतून रिकामी होत असते. तीन दिवसांनीही पाणी हिरवंच असेल तर खाणारेच कमी आहेत. आणखी घालू नका, मोजणी करा.

यीस्ट घालणाऱ्यांसाठी एवढंच: २० लिटरला चिमूटभर म्हणजे खरोखर चिमूटभर. पुण्यातल्या बहुतेक दुर्गंधी बादल्यांचं मूळ यीस्ट आहे. ते खाली बसतं, सडतं, अमोनिया आणि मग तळाला हायड्रोजन सल्फाइड. हा सडक्या अंड्यांचा वास आला की वरचं तीन चतुर्थांश पाणी चाळणीतून काढून नव्या बादलीत जा. तळ ढवळून ‘हवा लागू दे’ करणं म्हणजे उरलेल्यांनाही मारणं.

एप्रिल-मे

वरच्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये दुपारी पाणी सहज ३२ अंशांच्या वर जातं. ३५ पीपीटीच्या पाण्यात २० अंशांना लिटरला साधारण ७.४ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ६.२. हे आकडे समुद्रसपाटीचे. पुणं साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणून त्यातून आणखी पाच-सहा टक्के वजा. त्याच वेळी उष्णतेने प्राण्यांचा श्वसनवेग वाढलेला असतो आणि अमोनियाचा विषारी अंशही. कोपेपॉडना गिल नसतात, बहुतेक जण अंगाच्या पृष्ठभागातूनच ऑक्सिजन घेतात. त्यामुळे उन्हाळ्यात संख्या निम्म्यावर ठेवा: काढणी वाढवा, खाणं कमी करा.

थंड करायला चिलर लागत नाही. रुंद घमेल्यात चार बोटं पाणी, त्यात बादली, बादलीभोवती सुती ओलं फडकं ज्याचं टोक घमेल्यात बुडलेलं, आणि वर टेबलफॅन. पुण्याचा एप्रिल कोरडा असतो, त्यामुळे चार-पाच अंशांचा फरक पडतो. जुलैत हाच उपाय निकामी, कारण हवा आधीच ओलसर. पण तेव्हा हवाच पंचविशीत असते, गरज पडत नाही. बर्फाच्या बाटल्या थेट टाकू नका. पाणी दिवसभरात वर-खाली होण्यापेक्षा एकसारखं कोमट राहिलेलं टिस्बेला बरं.

वीज गेली तर घाबरायचं कारण नाही. मध्यम दाटीची बादली हवेविना काही तास राहते. दाट असेल तर पॉवर बँकवर चालणारा यूएसबी पंप जवळ ठेवा.

डासांचं औषध

हा परिच्छेद एकदा तरी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. प्लगमध्ये लावायची लिक्विड, कॉइल, स्प्रे आणि पावसाळ्यात गल्लीतून फिरणारं धुराचं मशीन या सगळ्यांत पायरेथ्रॉइड ही कीटकनाशकं असतात किंवा असू शकतात. कीटक आणि कवचधारी दोघेही संधिपाद. जे डासाला मारतं ते कोपेपॉडला, तेही फार कमी मात्रेत. एअर पंप खोलीतली हवा खेचून थेट पाण्यात सोडतो, त्यामुळे मासे ठीक राहतात आणि बादली एका रात्रीत मरते. कल्चरच्या खोलीत लिक्विड लावायचं नाही. फवारणीची गाडी आली की पंप बंद, खिडक्या बंद, झाकण घट्ट, तासाभराने हवा खेळती करून मग पंप सुरू. पंपाच्या हवेच्या तोंडाशी कोळशाचा फिल्टर लावता आला तर उत्तम. साठवणीच्या टाक्यांत अळ्या मारायला टाकतात ते टेमेफॉसही याच यादीत. ते पाणी आरओलाही देऊ नका. कुत्र्यामांजरांच्या पिसवांचं औषध मानेवर लावलं असेल तर हात धुतल्याशिवाय बादलीत घालू नका.

कात रोखणारी औषधं, म्हणजे कायटिन तयार होऊ न देणारी, त्यांची गंमत वेगळी. प्रौढांना काहीच होत नाही. नॉप्लियस पुढच्या कातीत अडकून मरतात, आणि दोन आठवडे सगळं ठीकच वाटत राहतं.

मोजणी आणि काढणी

आठवड्यातून एकदा. बादली हलक्या हाताने खालून वर ढवळा, नाहीतर टिस्बे सगळे भिंतीवर आणि तळावर बसलेले असतात. पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून १-१ मिलि घ्या, प्रत्येकात आयोडीनचा एक थेंब (सगळे जागच्या जागी मरतात आणि तपकिरी दिसतात), आणि छोट्या काचेच्या तबकडीत मोजा. तीन आकडे लिहा: नॉप्लियस, कोपेपोडाइट, आणि अंडी असलेल्या माद्या. वाढत्या कल्चरमध्ये नॉप्लियस प्रौढांच्या कैकपट असायला हवेत. प्रौढांच्या बरोबरीला आले की खाद्य किंवा पाणी बिघडतंय. अंडीवाल्या माद्या आहेत पण नॉप्लियस नाहीत, म्हणजे पिल्लं निघताहेत आणि मरताहेत: भूक, नरभक्षण किंवा विष. माद्यांकडे पिशव्याच नाहीत, म्हणजे भूक किंवा तापमान. नर कमी असल्याने हे सहसा होत नाही. टिग्रिओपसची मादी एकदाच समागम करते आणि साठवलेल्या शुक्राणूंवर एकामागून एक पिशव्या भरते. तिचा नर तर मादी वयात येण्याआधीच तिला धरून बसतो. जोडीने फिरणारे ते हेच.

रोटिफर शिरले असतील तर मोजणीत दिसतातच, गोल पोट आणि पुढे फिरणारा केसांचा मुकुट. ते शेवाळ फस्त करतात आणि नॉप्लियस उपाशी. १२० मायक्रॉनच्या चाळणीतून बादली काढा. मोठे कोपेपॉड वर राहतील, रोटिफरमधले बरेचसे खाली जातील. वरचे स्वच्छ खाऱ्या पाण्यात तीन-चार वेळा धुऊन नवी बादली सुरू करा.

काढणीलाही हीच युक्ती. दोन चाळण्या: वर १२० ते १५० मायक्रॉन, खाली ४० ते ५०. वरच्या चाळणीतले प्रौढ परत बादलीत, खालचे नॉप्लियस माशांच्या पिल्लांना. मँडरिनसारख्या मोठ्या माशाला उलट करा. आठवड्याला पाव बादलीच्या वर काढू नका. टँकमध्ये दिवे बंद झाल्यावर, पंप अर्धा तास थांबवून, दगडांपाशी सोडा. दिवसा सोडलेले कोपेपॉड माशांची न्याहारी होतात, वस्ती करत नाहीत. समुद्रातही त्यांच्यातले असंख्य जण दिवसा खोल जातात आणि रात्री वर येतात, ते डोळ्यांनी शिकार करणाऱ्या माशांपासून वाचण्यासाठीच.

अरबी समुद्रात खोल जाण्याला आणखी एक पदर आहे. साधारण दीडशे ते हजार मीटरदरम्यान ऑक्सिजन जवळजवळ नसलेला जाड थर आहे. प्ल्युरोमॅम्मा इंडिका हा कॅलॅनॉइड दिवस त्या थरात काढतो, जिथे पाठलाग करणाऱ्या माशांना दम लागतो. कॅलॅनॉइडिस तर प्रौढ होण्याच्या अगदी आधीच्या अवस्थेत खोल पाण्यात महिनोन्‌महिने झोपतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याला खालचं थंड पाणी वर आलं आणि शेवाळ फुललं की वर येऊन अंडी घालतो. तारली आणि बांगडा ज्या साखळीवर पोसतात ती साखळी इथून सुरू होते.

आर्टेमिया, थोडक्यात

आर्टेमिया, म्हणजे अंडी फोडून खाद्य म्हणून वापरतात तो ब्राइन श्रिंप, समुद्री प्राणी नाही. तो खाऱ्या तलावांचा आणि मिठागरांचा रहिवासी, आणि कोपेपॉडचा फार लांबचा नातलग. त्याचा नॉप्लियस ४०० ते ५०० मायक्रॉनचा, म्हणजे कोपेपॉडच्या पिल्लाच्या चार-पाचपट. खाद्य म्हणून सोपा आहे, वाईट नाही, पण कोपेपॉडला पर्याय नाही. २५ ग्रॅम खडेमीठ प्रतिलिटर, पीएच ८च्या वर (चिमूटभर खायचा सोडा), २८ अंश, जोरात हवा, सुरुवातीचे काही तास लख्ख उजेड, आणि लिटरला २ ग्रॅमच्या वर अंडी नाहीत. चोवीस तासांत फुटतात. पुण्याच्या जानेवारीत हीटर नसेल तर छत्तीस तास लागतात आणि उशिरा फुटलेली पिल्लं कमजोर निघतात. हवा बंद करून तळाशी उजेड दाखवा. टरफलं वर, पिल्लं खाली. अगदी तळातले पहिले थेंब न फुटलेल्या अंड्यांचे, ते फेकून द्या.

फुटल्यावर साधारण आठ तास त्याचं तोंड बंद असतं. या काळातच तो सगळ्यात पौष्टिक. त्यानंतर त्याला तेलाचं इमल्शन देऊन समृद्ध करता येतं, पण तो मिळालेलं डीएचए भराभर ईपीएमध्ये उलटं बदलतो. म्हणून समृद्ध केलेला आर्टेमिया लगेच खाऊ घाला किंवा ४ अंशांना ठेवा. टरफल काढायचं असेल तर दोन तास भिजवलेल्या अंड्यांना ग्रॅममागे ५ टक्क्यांचं ब्लीच १० मिलि. रंग तपकिरीवरून राखाडी आणि मग नारिंगी झाला की लगेच बारीक जाळीत गाळून धुवा, मग थायोसल्फेट. क्रिया तापते. भांडं बर्फात ठेवा, ४० अंश ओलांडले की भ्रूण मेले.

जुनी बादली टाकताना लिटरला २ मिलि ब्लीच घालून रात्रभर ठेवा आणि मग मोरीत ओता. कोकणात सहलीला जाताना ‘सोडून देऊ समुद्रात’ हा विचार नको. अमेरिकेतला आर्टेमिया फ्रान्सिस्काना असाच माणसाच्या हाताने मिठागरांत पोचला आणि कित्येक ठिकाणी तिथल्या मूळच्या आर्टेमियाला हटवून बसला. आणि बादली टाकण्याआधी एक लिटर वेगळ्या बाटलीत, वेगळ्या खोलीत, वेगळ्या पंपावर काढून ठेवलेलं असलं पाहिजे.